सुरुंग काढणाऱ्यांची साठ वर्षं

पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. पूल बांधणं, रस्ता काढणं, शत्रूची वाट रोखायला तोच रस्ता आणि तोच पूल उडवून देणं, हे या सैनिकांचं काम. सुरुंग पेरतात तेही हेच. पण दुसऱ्या महायुद्धापासून या केंद्राच्या वाट्याला आलेली दोन सर्वोच्च पदकं, एक व्हिक्टोरिया क्रॉस आणि एक परमवीरचक्र, सुरुंग काढल्याबद्दल मिळाली आहेत. भूसुरुंगांच्या इतिहासाकडे मागे वळून पाहताना मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

१९४१ चा जानेवारी संपत आला होता. सुदानच्या सरहद्दीवरून इटालियन फौज अॅबिसिनियात मागे हटत होती आणि जाताना गोंदरच्या रस्त्यावर सुरुंग पेरत होती. पाठलागावर निघालेल्या तुकडीच्या सगळ्यांत पुढच्या गाडीत सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत होते. वय बावीस. चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवर त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रं हुडकली आणि उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत उभं राहून साफ करून घेतली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर जाऊन उडाली, सोबतचे गेले. स्फोटाने एका कानाचा पडदा फाटला. बदली माणूस द्यायची तयारी असताना भगतांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की या कामाचा हात आता आपल्यालाच बसला आहे, तेव्हा पुढेही आपणच जावं. हा हट्ट शौर्याचा होताच, पण त्यामागे हिशेबही होता. वाटेवरचे सुरुंग पेरणाऱ्याची सवय ओळखून सापडतात. कुठे वळण, कुठे ओढ्याचा उतार, कुठे माती नुकती हललेली, हे नव्या माणसाला शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी जिवावर बेततो.

या कामाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या भगतांचा जन्म १९१८ चा. त्याच वर्षी कारवारजवळच्या चेंडिया गावात परमवीरचक्राचे मानकरी राम राघोबा राणे जन्मले. वडील पोलीस शिपाई. १९४० मध्ये राणे बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या युद्धात, सेकंड लेफ्टनंट म्हणून नौशेरा-राजौरी रस्त्यावर पोचले. राजौरीतल्या लोकांपर्यंत लवकर पोचायचं होतं, रणगाड्यांशिवाय पोचणं कठीण होतं आणि रणगाड्यांच्या वाटेत सुरुंग होते. आठ एप्रिलला कामाला सुरुवात होतानाच तोफगोळे पडले. राण्यांच्या तुकडीतले दोघे मारले गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत ते स्वतःही होते. तरी त्याच दिवशी पुन्हा काम सुरू झालं. पुढे रस्त्यावर पाइनची झाडं आडवी पाडलेली होती, ती त्यांनी सुरुंग लावूनच उडवली. मोऱ्या फोडलेल्या होत्या, तिथे वळणवाट काढली. हे सगळं मशिनगनच्या माऱ्याखाली, सलग चार दिवस. बारा तारखेला फौज राजौरीत पोचली. राणे पुढे मेजर झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. आपल्याकडे परमवीरांच्या गोष्टी सांगताना हातघाईच्या लढाया आधी येतात. राण्यांची गोष्ट तितक्या वेळा सांगितली जात नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या चार दिवसांत त्यांचा सामना मुख्यतः जमिनीशी होता.

सुरुंग आपल्याला नवे नाहीत. औरंगजेबाच्या फौजेने १७०० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्याखाली सुरुंग लावले, त्यातल्या एकाने तट बाहेरच्या बाजूला कोसळून मुघलांचीच माणसं गाडली गेली. पण तो सुरुंग वात पेटवली की त्याच घटकेला संपत असे. विसाव्या शतकातला भूसुरुंग वाट पाहतो. त्याला वात लावायला कुणी लागत नाही, पाय पडणाराच ते काम करतो. लढाई संपली, तह झाला, सरहद्द बदलली, यातलं त्याला काही कळत नाही. १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईसाठी पेरलेले सुरुंग इजिप्तच्या वाळवंटात अजून आहेत.

सॅपर्सपुढे हेच काम १९७१ च्या भारत-पाक युद्धातही होतं: डिसेंबरमध्ये शकरगढच्या बाजूला, बसंतर नदीपाशी, सॅपर्सची वाट साफ करून पुरी व्हायच्या आतच पूना हॉर्सचे रणगाडे सुरुंगांतून पुढे गेले. त्यांच्यातले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याच लढाईत धारातीर्थी पडले.

या काळात सुरुंगही बदलला. लोखंडाऐवजी प्लॅस्टिक आलं आणि धातू शोधणारी यंत्रं निरुपयोगी ठरू लागली. शेवटी १९९६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने अट घातली: माणसांविरुद्धच्या प्रत्येक सुरुंगात निदान आठ ग्रॅम लोखंडाइतका संकेत मिळाला पाहिजे. भारताने ती मान्य करून आपल्या छोट्या प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू घातला. पुढच्याच वर्षी ओटावाच्या कराराने माणसांविरुद्धचे सुरुंग पूर्ण बंद करायचं ठरवलं. त्यावर भारताने सही केली नाही, पाकिस्तान आणि चीननेही नाही.

मग १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि फौज सरहद्दीवर नेऊन उभी करणारं ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. काही आठवड्यांत जम्मूपासून पंजाब, राजस्थान, गुजरातपर्यंतच्या सरहद्दीवर सुरुंग पेरले गेले. पंजाबात तेव्हा गव्हाची पेरणी होऊन गेली होती. रब्बीचं पीक शेतात उभं आणि त्याच शेतात सुरुंग. कापणी गेली, पुढचा हंगामही गेला. युद्ध झालंच नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये फौज मागे घ्यायचा निर्णय झाला, आणि सॅपर्सचं खरं काम तिथून सुरू झालं.

पेरताना नोंद होते: ओळी किती, ओळीत सुरुंग किती, खुणेचा खांब कुठे. काढताना आकडा जुळवायचा असतो. राजस्थानात वाळूची टेकाडं सरकतात, जम्मूकडे पावसाचं पाणी माती वाहून नेतं, नियंत्रण रेषेवर बर्फ वितळताना सुरुंग उतारावरून खाली घसरतात. नकाशावर सुरुंग एका जागी आणि प्रत्यक्षात दुसरीकडे. जो सापडत नाही, त्याच्यासाठी जवान गुडघ्यांवर बसून सळईने वीत-वीत जमीन टोचत जातो. हे काम वर्षांनुवर्षं चाललं. त्यात सैनिक जखमी झाले, शेतात परतलेले शेतकरी जखमी झाले, गुरं गेली.

सरहद्दीवर सुरुंग नकोतच, असं मला म्हणता येत नाही. डोंगरातली पाच-पन्नास माणसांची चौकी रात्री कशाच्या भरवशावर राहते, हे तिथल्या जवानाला विचारावं. युक्रेनचं युद्ध पाहून लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया, पोलंड आणि फिनलंड यांनीही २०२५ मध्ये ओटावा करारातून बाहेर पडायचं ठरवलं. त्यांच्या भीतीला कारण आहे. पण भारत ज्या १९९६ च्या कराराला बांधील आहे, त्यात एक कलम असं आहे की जो सुरुंग पेरतो, तो काढण्याची जबाबदारीही त्याचीच. ऑपरेशन पराक्रमात किती पेरले, किती निघाले आणि किती जुळले नाहीत, हा हिशेब सरहद्दीवरच्या प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीत, गट क्रमांकासह, लिहिलेला असावा. ज्याने पाय गमावला त्याला निवृत्त सैनिकाइतकंच औषधपाणी मिळावं, मग तो जवान असो की शेतकरी.