महामारी आणि प्रजननस्वास्थ्य : वैद्यांचे कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन आहे. वायू, उदक, देश व काल हे भाव दूषित झाले असता भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, असे तेथे प्रतिपादिले आहे. २०२० साली कोविड-१९ च्या महामारीने त्याचा प्रत्यय दिला. परंतु महामारीचा आघात केवळ व्याधीपुरता मर्यादित नसतो. सेवा खंडित झाल्यानेही स्वास्थ्यहानी होते आणि ती प्रामुख्याने स्त्रिया व किशोरवयीनांना सोसावी लागते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सॅनिटरी पॅड अत्यावश्यक वस्तूंमध्ये मोडतात, हे केंद्रीय गृहमंत्रालयास २९ मार्च रोजी स्पष्ट करावे लागले. शाळा बंद झाल्याने तेथे पॅड व मार्गदर्शन मिळणाऱ्या मुली त्यास मुकल्या. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. वाहतूक बंद असल्याने तांबी, गोळ्या व सुरक्षित गर्भपाताची सेवा दुरापास्त झाली. गर्भाची वाढ मात्र टाळेबंदी जाणत नाही.

त्या काळात एकोणीस वर्षांची एक अविवाहित युवती आर्तवरोधाची तक्रार घेऊन माझ्याकडे आली. मानसिक ताण, अल्पाहार व अनिद्रा यांमुळे वातप्रकोप होऊन आर्तव विलंबित झाले असावे, असे प्रथमदर्शनी वाटले. असे निदान पुष्कळदा यथार्थही ठरते. तथापि मूत्रपरीक्षणात गर्भधारणा निष्पन्न झाली. आर्तवजनन कल्प देऊन महिनाभराने बोलाविले असते, तर तिचे मोलाचे आठवडे वाया गेले असते. गोळ्यांद्वारे गर्भपात पहिल्या काही आठवड्यांतच करता येतो. कायद्याने सामान्यतः २० आठवड्यांपर्यंत, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार विशिष्ट परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपातास अनुमती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अविवाहित स्त्रियांनाही या तरतुदीचा समान लाभ दिला.

यावरून पुढील पथ्य वैद्यांनी पाळणे अगत्याचे आहे. आर्तवविलंबात प्रथम गर्भधारणा नाही याची खात्री करावी. रुग्णेशी एकांतात, दोषारोप न करता बोलावे व गोपनीयता राखावी. गर्भपाताची सेवा आपल्या अधिकारक्षेत्रात नसल्याने तिला विनाविलंब मान्यताप्राप्त केंद्राकडे पाठवावे.

सौमनस्य हे गर्भधारणेस श्रेष्ठ होय, असे चरकाचार्यांचे मत आहे. भय, एकाकीपणा व असाहाय्यता यांनी ग्रासलेल्या स्त्रीस ते सौमनस्य कोठून लाभणार? पुढील महामारी येईल तेव्हा रुग्णालये दूर असतील, पण गावातील वैद्याचे दार जवळ असेल. ते उघडे व विश्वासार्ह असावे, एवढीच अपेक्षा.