अर्ली ॲक्सेस: आज पैसे, गेम सावकाश

पूर्ण न झालेला गेम खेळाडूंना विकायचा आणि त्यांच्या पैशांवर, त्यांच्या सूचनांवर तो पुरा करायचा, याला अर्ली ॲक्सेस म्हणतात. माइनक्राफ्ट २००९ पासून असाच विकला जात होता. पूर्ण आवृत्ती आली नोव्हेंबर २०११ मध्ये. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने मार्च २०१३ मध्ये अशा गेमसाठी वेगळी सोय केली. तेव्हापासून त्याभोवती बरेच गैरसमज जमले आहेत.

गैरसमज: आधी घेतला की स्वस्तात पडतो.
नेहमी नाही. फॅक्टोरिओ २०१८ मध्ये २० डॉलरचा ३० डॉलर झाला आणि तो कधी सेलमध्ये येत नाही. तिथे लवकर घेणारे खरंच फायद्यात राहिले. बाल्डर्स गेट ३ मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये अर्धवट असतानाही ६० डॉलर आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण झाल्यावरही ६० डॉलरच. मधली जवळपास तीन वर्षं लोक फक्त पहिला अंक खेळत होते. त्यांचे सेव्ह पूर्ण आवृत्तीत चाललेही नाहीत.

गैरसमज: अर्धवट गेम विकणं म्हणजे फसवणूकच.
तोच बाल्डर्स गेट ३ पुढे २०२३ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. हेडीस डिसेंबर २०१८ पासून विक्रीला होता. कथेचा शेवट सप्टेंबर २०२० च्या पूर्ण आवृत्तीतच आला, पण लढाईची मजा पहिल्या दिवसापासून होती. पैसे वसूल होण्याचं खरं कारण तेच.

गैरसमज: मोठी कंपनी मागे असेल तर धोका नाही.
इथे कर्बल स्पेस प्रोग्रॅमचे दोन भाग शेजारी ठेवून पाहावेत. पहिला भाग मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या मार्केटिंग कंपनीत तयार झाला. गेम बनवणं हा तिचा धंदाही नव्हता. अर्ली ॲक्सेसमधून तो एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण झाला, आणि रॉकेट कक्षेत कसं जातं हे अनेकांना त्यानेच शिकवलं. दुसऱ्या भागामागे टेक-टू होती, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटोची मालक कंपनी. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो जवळपास ५० डॉलरला आला. वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मल्टिप्लेअर, सगळं रोडमॅपवर, म्हणजे पुढे काय येणार याच्या यादीत होतं. २०२४ मध्ये तो बनवणारा स्टुडिओच बंद पडला आणि यातलं काहीही खेळाडूंच्या हाती आलं नाही. तरीही गेम दुकानात विक्रीला होताच! मोठ्या कंपनीकडे पैसा असतो, तसा हिशेब बसत नाही म्हणून प्रकल्प गुंडाळण्याचा अधिकारही असतो.

गैरसमज: काम थांबलं तर पैसे परत मिळतात.
बांधकाम चालू असलेला फ्लॅट बुक केला तर ताब्याची तारीख करारात असते आणि बिल्डरने ती चुकवली तर महारेराकडे जाता येतं. इथे तसं काहीच नाही. स्टीमचा सर्वसाधारण नियम असा: खरेदीनंतर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच परतावा. अर्ली ॲक्सेसमध्ये खेळलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो. द डे बिफोर हा गेम ७ डिसेंबर २०२३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला, चारच दिवसांत त्याच्या स्टुडिओने गाशा गुंडाळला आणि पैसे परत दिले गेले, पण तो अपवाद. त्याच्या भरवशावर खरेदी करू नये.

गैरसमज: महागडी आवृत्ती घेऊन चार दिवस आधी खेळणं म्हणजेच अर्ली ॲक्सेस.
स्टारफिल्डची महाग आवृत्ती घेणारे १ सप्टेंबर २०२३ ला खेळू लागले, बाकीचे ६ तारखेला. गेम तयारच होता. हे निव्वळ रांग टाळण्याचे पैसे, आणि माझ्या मते ते कधीच देऊ नयेत.

मग घ्यावा की नाही? उद्यापासून एकही अपडेट आला नाही, तरी आज जे मिळतंय त्यासाठी इतके पैसे द्याल का, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल घ्या. रोडमॅप बघून घेत असाल तर थांबा. फेब्रुवारी २०२५ पासून स्टीम वर्षभर अपडेट न आलेल्या अशा गेमच्या पानावर तशी सूचना दाखवतं. ती दिसली, तर पुढचं काही वाचत बसू नका.