मनोरा एकच, मुले वर्गभर

इंदूरच्या सरवटे बसस्थानकावर रोज हजारो माणसे उतरतात. ज्या तात्या सरवट्यांचे नाव त्या स्थानकाला आहे, ते संविधान सभेचे सदस्य होते. त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली बाल निकेतन संघ काढला. मध्य प्रदेशातली पहिली माँटेसोरी शाळा म्हणून अनेक जण त्याच्याकडे बोट दाखवतात. १९६८ मध्ये ताईंना पद्मश्री मिळाली.

बाल निकेतन आज आठवण्याचे कारण असे, की हल्ली ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’ आणि ‘प्रकल्प’ हे शब्द शाळांच्या माहितीपत्रकांत हटकून असतात. आठवड्याला एक तास आणि एक कार्यपुस्तिका दिली, की झाले! माँटेसोरीच्या वर्गात असा वेगळा तास नसतो, साहित्याची मांडणीच ते काम करते. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा. पण संच वर्गात एकच. दुसरे मूल तो रचत असेल तर थांबायचे, हिसकावायचे नाही. आपले झाले की जागेवर नेऊन ठेवायचे. लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत बसवायच्या दट्ट्यांचा संच तर आणखी खोडकर. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला, की शेवटचा कुठेच नीट बसत नाही. शिक्षिकेला काही बोलावे लागत नाही. मूल चिडते, सगळे दट्टे काढते आणि पुन्हा मांडते. रागावर मात करण्याचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

गंमत म्हणजे ‘प्रकल्प पद्धती’ हा निबंध १९१८ मध्ये लिहिणाऱ्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकनेच त्याआधी चार वर्षे माँटेसोरीवर टीकेचे पुस्तक लिहिले होते. हे साहित्य फार ठरावीक आहे, असा त्याचा आक्षेप. तो अगदीच चुकीचा नव्हता. मनोरा शंभरदा रचला तरी भाजीचा भाव विचारता येत नाही. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला, तो या उणिवेवरचा आपला उपाय मानता येईल. पहिलीच्या मुलांना माँटेसोरीचे साहित्य आणि हस्तोद्योग दोन्ही हवे, असे माझे मत.

म्हणून प्रवेशासाठी शाळा पाहायला जाल, तेव्हा भिंतीवरचे तक्ते वाचत बसू नका. सांडलेले पाणी कोण पुसते ते बघा. मुले पुसत असतील तर अर्ज भरा.