कातीव वाडग्याचे बूड

लेथवर वाडगा कातताना त्याची पकड बुडाशी असते. कातारी आधी बाहेरचा आकार काढतो आणि बुडाशी एक आखूड गोल खुंट राखून ठेवतो. तो चार जबड्यांच्या चकमध्ये आवळून मग वाडगा आतून पोखरला जातो. आतबाहेर सगळे गुळगुळीत झाले तरी खुंट उरतोच. तो काढायचा म्हणजे ज्या आधारावर वाडगा फिरला तोच कापायचा. त्यामुळे बुडाच्या कामात धारेपेक्षा पकडीचाच विचार जास्त.

साधा उपाय असा: टाकाऊ ठोकळ्यात काठाच्या मापाची खाच कातायची, वाडगा तिच्यात उलटा घट्ट बसवायचा आणि समोरून टेलस्टॉकचा दाब द्यायचा. टेलस्टॉकच्या टोकाखाली करंगळीएवढी खुंटी राहते. ती शेवटी पटाशीने छाटून हाताने घासतात. रबरी गुंड्यांचे रुंद जबडे काठालाच धरतात, पण काठ सालीसकट वेडावाकडा ठेवलेला असेल तर ते कुचकामी. व्हॅक्यूम चकमध्ये पंप हवा ओढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब वाडगा दाबून धरतो. 15 सेंमी व्यासाच्या चकवर पूर्ण निर्वात साधली, तर हा दाब सुमारे 180 किलो वजनाइतका होईल. प्रत्यक्षात लाकडाच्या छिद्रांतून हवा झिरपते. शिवाय पातळ वाडगा चेपायला एवढा दाब लागतही नाही.

उलटा करण्याआधी आतली खोली मोजणे अटळ. तळ किती जाड उरला हे नंतर दिसत नाही, आणि अंदाज चुकला की वाडग्याचे नरसाळे होते.

बूड सपाट ठेवत नाहीत, मध्ये किंचित खोलगट कातून कडेच्या वर्तुळावर टेकवतात. वर्षवलयांच्या रेषेत लाकूड जितके आटते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने आटते. या ओढाताणीत सपाट बूड फुगले, तर वाडगा टेबलावर डुगडुगतो.

पुढे 120 पासून 320 नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर, मग तेल किंवा मेण. सावंतवाडीच्या कातीव लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात आणि घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. पकडीखालचा भाग मात्र कोराच राहतो. पकडीसाठी मारलेल्या स्क्रूंची भोके झाकायला बुडाला हिरवे फेल्ट चिकटवण्याची पद्धतही होती. ती निव्वळ पळवाट.

सही सर्वांत शेवटी. अमेरिकन कातारी बॉब स्टॉक्सडेल (1913–2003) बुडावर नावासोबत लाकडाची जात आणि ते कुठून आले हेही लिहीत. संग्रहालयांच्या नोंदींत हा मजकूर उतरवून घेतलेला आढळतो.