डबलसीट आणि घाट

शंभर सीसीची मोटारसायकल एकट्याला घेऊन घाट सहज चढते. डबलसीट मात्र धापा टाकते. असे का? समजा, गाडी ११० किलोची आणि माणसे प्रत्येकी ६५ किलोची. एकूण वस्तुमान १७५ वरून २४० किलो होते. रस्त्याने १० मीटर गेल्यावर १ मीटर उंची वाढत असेल, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १ मीटर वर चढते. केवळ एवढ्यासाठी १७१५ ऐवजी २३५२ वॉट शक्ती लागते.

अशा इंजिनाची कमाल शक्ती सुमारे ६००० वॉट असते, पण ती मिळते मिनिटाला साधारण ८००० फेरे होत असताना. वरच्या गिअरमध्ये चढावर फेरे घटतात, शक्तीही घटते. म्हणून गिअर उतरवायचा. मागचे स्प्रॉकेट ४२ ऐवजी ४५ दात्यांचे बसवले, तर चाकाचा रेटा ७ टक्के वाढतो. शक्ती वाढत नाही, तेवढ्याच फेऱ्यांना वेग मात्र कमी मिळतो.

खरी परीक्षा उतारावर असते. १०० मीटर खाली येताना १७२ ऐवजी २३५ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, आणि ब्रेक तर तेच! म्हणून खालच्या गिअरमध्येच उतरावे. इंजिनही गाडी रोखून धरते. मुलांना घरच्या गाडीचे आकडे घालून हे गणित करू द्या.