न रंगवलेले चित्र

विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तरी तो दिसेलच असे नाही. कार्बन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचा त्याचा देह इलेक्ट्रॉनांना फारसा विखुरत नाही. येथे फॉस्फोटंगस्टिक आम्ल उपयोगी पडते. त्याच्या रेणूत फॉस्फरसच्या एका अणूभोवती टंगस्टनचे बारा अणू ऑक्सिजनने जोडलेले असतात. ही रचना केगिन यांनी १९३३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. अणुक्रमांक ७४ असलेले टंगस्टन इलेक्ट्रॉनांना जोरात विखुरते.

हे तीव्र आम्ल आधी अल्कलीने उदासीन करतात, मग विषाणूंच्या थेंबात मिसळतात. थेंब वाळला, की ते विषाणूभोवती आणि त्याच्या खाचांत साचते. पार्श्वभूमी काळी होते. विषाणूची जागा उजळ राहते. ब्रेनर आणि हॉर्न यांनी १९५९ मध्ये ही पद्धत मांडली. १९६७ मध्ये जून अल्मेडा आणि डेव्हिड टायरेल यांनी श्वसनमार्गाच्या काही विषाणूंभोवतीची झालर याच रीतीने टिपली. तिच्यात सूर्याच्या प्रभामंडळाचा भास झाला आणि पुढल्या वर्षी ‘कोरोना’ हे नाव पडले.

मात्र वाळताना विषाणू चपटा होऊ शकतो. म्हणून अशा छायाचित्रातला आकार वाचताना, आपण त्याच्याभोवतीचा काळोख पाहून अंदाज बांधतो आहोत, हे विसरून चालत नाही.