भोक टाइलला, भार भिंतीला

डोंबिवली-कल्याणकडच्या सोसायट्यांमधून मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा बाथरूमसाठी. आरसा, गीझर, टॉवेलचा रॉड ही नेहमीची कामं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना धरायला दांडा बसवायचा असला, तर ते काम मी मदतनिसावर सोडत नाही. ओल्या लादीवर पाय सरकला तर माणसाचं सगळं वजन त्या चार-सहा स्क्रूंवर येतं, आणि स्क्रूच्या वाटेत आधी टाइल असते.

टाइल दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही. पत्रा वाकतो, लाकूड दबतं. टाइल यातलं काहीच करत नाही. बारीकशा चिरेच्या टोकाशी ताण साठतो आणि क्षणात तडा काठापर्यंत जातो. म्हणून टाइलवर हॅमर मोड चालवायचा नाही, म्हणजे नाहीच. मशीनच्या कळीवरची खूण हातोडीच्या चित्रावर असेल, तर ती साध्या ड्रिलवर आणायची आणि मगच बिट टेकवायचा. ‘अहो, जरा जोर लावा ना,’ असं काकू मागून म्हणतात. जोर लावायची जागा पुढे आहे, इथे नाही.

आधी टाइल कुठली ते ओळखावं. घरात शिल्लक तुकडा असेल तर त्याच्या पाठीवर पाण्याचे थेंब टाका. भिंतीची साधी चकचकीत टाइल पाणी पटकन पिते. तिचं पाणी शोषण्याचं प्रमाण साधारण 10 टक्क्यांच्या वर असतं. विट्रिफाइड टाइलवर थेंब तसाच राहतो, कारण तिथे हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून जास्त नसतं. ती सुमारे 1200 अंशांवर भाजलेली असते, आत पोकळी जवळजवळ उरत नाही. पहिलीला भाल्याच्या टोकाचा कार्बाइड बिट पुरतो. दुसरीवर तोच बिट नुसता फिरतो, तापतो आणि त्याची धार जाते. तिथे हिऱ्याची कणी बसवलेला नळीसारखा पोकळ बिट हवा.

हिऱ्याचा बिट टाइल कापत नाही, घासतो. घासलं की उष्णता आली, आणि कोरडं चालवलं तर बिटवरच्या कण्या निकामी होतात. टाइलचा तेवढाच भाग तापून फुगल्याने तडाही जाऊ शकतो. म्हणून पाणी. गुजरातेत खंभातला अकीकाचे मणी करणारे कारागीर हेच करत आलेत. धनुष्यासारख्या दांडीने फिरणारी सळई, टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या, आणि वरून थेंब थेंब पाणी. त्याही आधी हडप्पा काळातल्या कारागिरांनी खास कठीण दगडाच्या सळयांनी अकीकाच्या लांब मण्यांना आरपार भोकं पाडली. संशोधकांनी तसं भोक पाडून पाहिलं, तेव्हा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर उतरलं. आपल्याला टाइलमध्ये आठ-दहा मिलिमीटरच उतरायचं असतं. मग घाई कशाची?

खुणेवर मास्किंग टेपची फुली चिकटवली की कार्बाइड बिट घसरत नाही. पोकळ बिटला मधलं टोक नसतं, म्हणून तो तिरपा टेकवून आधी चंद्रकोरीएवढी खाच पाडायची, मग हळूहळू सरळ करायचा. वेग कमी ठेवायचा आणि मध्येमध्ये बिट बाहेर काढायचा. पाणी दुसऱ्या कुणीतरी बाटलीच्या झाकणाला भोक पाडून बिटच्या टोकाशी सोडावं, मशीनवर उडू देऊ नये. बॅटरीवरचं मशीन असेल तर उत्तम. चष्मा आणि मास्क हवेतच; टाइलची आणि विटेची धूळ फुप्फुसात साठते.

टाइल पार झाली की बिट बदला. आता कॉंक्रीटचा बिट आणि हवा तर हॅमर. दांडा टिकेल की नाही ते इथे ठरतं. टाइल, मागचा मसाला आणि प्लास्टर यांतच तीन-चार सेंटिमीटर जातात, म्हणून आखूड स्क्रू विटेपर्यंत पोचतच नाही. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग, टाइलच्या मागे, थेट विटेत बसली पाहिजे. ती टाइलच्या जाडीत राहिली, तर स्क्रू आवळताना फुगून टाइलच फोडते. नव्या इमारतींतल्या हलक्या राखाडी ब्लॉकमध्ये साधी गिट्टी गरगर फिरते. तिथे त्या ब्लॉकसाठीची लांब गिट्टी किंवा केमिकल अँकर लागतो. स्क्रू लावण्याआधी भोकात सिलिकॉन भरा, म्हणजे भिंतीत पाणी मुरत नाही.

काही ठिकाणी मी नकार देतो. बाथरूमच्या लादीत भोक पाडायला सांगितलं तर नाही, कारण खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फुटला की पाणी खालच्या घरात उतरतं. नळाच्या किंवा स्विचबोर्डच्या सरळ रेषेत नाही, कारण पाइप आणि वायर बहुधा तिथूनच जातात. टिचकी मारल्यावर पोकळ वाजणाऱ्या टाइलवर नाही. मागे मसालाच नसतो. दोन टाइलच्या सांध्यात पाडा असा सल्ला पुष्कळ देतात, मला तो पटत नाही. आजकालचे सांधे दोन-तीन मिलिमीटरचे, त्यात बिट शिरला की दोन्ही टाइलच्या कडा दुखावतात, आणि टाइल कडेलाच सर्वांत नाजूक असते.

दांड्याची जागा आजोबांनाच विचारतो. त्यांना कमोडवर बसवतो, उठायला सांगतो, आणि हात आपसूक जिथे जातो तिथे खूण करतो. घराचं काम अजून चालू असेल तर टाइल लागण्याआधी उघड्या भिंतींचे फोटो काढून ठेवा, पाइप कुठून गेलेत ते त्यात दिसतं. शिवाय त्याच लॉटच्या दोन-तीन टाइल माळ्यावर जपून ठेवा.